जॉर्जटाउनमध्ये एकट्याने एक दिवस: पोटाच्या घड्याळावर चालणारा बेत

मलेशियातल्या पिनांग बेटावरचं जॉर्जटाउन एका दिवसात बघायचं ठरलं की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात आणि खाणं उरलेल्या फटींत कोंबतात. इथे नेमकं उलटं करावं. युनेस्कोने २००८ मध्ये मलाक्का शहराच्या जोडीने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला या शहराचा गाभा जेमतेम १०९ हेक्टरांचा आहे. देवळं, मशिदी, हवेल्या सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि ती दिवसभर जागची हलत नाहीत. हलतात ते खाण्याचे ठेले. सकाळचा रोटीवाला उन्हं चढली की आवरायला घेतो, संध्याकाळचा नूडलवाला सहाच्या आधी शेगडी पेटवत नाही, आणि आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी.

त्यात तुम्ही एकटे. चौघं असलात तर चार बशा मागवून वाटून खाता येतात. एकट्याच्या वाट्याला एका वेळी एकच बशी. म्हणून नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण हा हिशोब सोडा. दिवसभरात पाच-सहा छोटी खाणी धरा आणि बघण्याच्या जागा त्यांच्या मधे बसवा. पिनांगच्या ठेल्यांवरच्या बशा मुळातच लहान असतात, त्यामुळे हा बेत पचतोही.

निघण्यापूर्वी

भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी मलेशियाचा व्हिसा लागत नाही. ही सवलत ठराविक मुदतीची असते आणि वाढवली जाते, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना हे बघून घ्या. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर तुम्ही असाल तर ते सरकारी नव्हे. इथले प्लगचे सॉकेट तीन चपट्या पिनांचे, ब्रिटिश धाटणीचे असतात. आपला चार्जर थेट बसत नाही.

राहायला लेबुह चुलिया, लव्ह लेन किंवा लेबुह मुंत्रीच्या आसपास बघा. एकट्या प्रवाशांसाठी डॉर्मिटरीपासून जुन्या घरांमधल्या छोट्या हॉटेलांपर्यंत सगळं याच पट्ट्यात आहे. मुख्य फायदा दुपारी कळतो: खोली दहा मिनिटांवर असेल तर तासभर पंख्याखाली पडून येता येतं. समुद्रकिनारा हवा म्हणून बातू फेरिंगीला राहिलात तर दिवसाचा बराच वेळ बसमध्ये जाईल.

रस्त्यांना दोन-दोन नावं आहेत, एक जुनं इंग्रजी आणि एक मलय. नकाशावर ‘लेबुह पांताई’ दिसेल, म्हातारा टॅक्सीवाला ‘बीच स्ट्रीट’ म्हणेल, जागा एकच. लेबुह आणि जालान म्हणजे रस्ता, लोरोंग म्हणजे गल्ली.

पैसे रोख ठेवा, तेही सुटे. एक रिंगिट साधारण वीस रुपयांच्या आसपास धरा. ठेल्यावरचे बहुतेक पदार्थ दहा रिंगिटच्या आतबाहेर मिळतात. रॅपिड पिनांगच्या बसमध्ये रोख भाडं देणार असाल तर सुटे मोजूनच द्यावे लागतात, उरलेले परत मिळत नाहीत. वारसा भागात एक मोफत बसही फिरते. नाहीतर ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलावायची टॅक्सी, आहेच.

सकाळी सात: समुद्राची भिंत

मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि देशाच्या पश्चिम टोकाला असलेल्या पिनांगला ते जरा जास्तच पुढे वाटतं. वर्षभर सूर्य साधारण सात ते साडेसातच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळीही सातच्या आसपास किंवा नंतरच मावळतो. याचा अर्थ दोन. सातला बाहेर पडलात तर तुम्ही खरंच पहाटे बाहेर पडलात. आणि सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, सव्वा वाजता. म्हणजे दुपारचा खरा ताप एक ते चार.

पहिली जागा पादांग कोता लामा, जुनं एस्प्लेनेड. एका बाजूला मैदान आणि टाउन हॉल, सिटी हॉलच्या इमारती, दुसऱ्या बाजूला समुद्र. या वेळी इथे पर्यटक नसतात, व्यायामाला आलेले आजी-आजोबा असतात. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी बेट ताब्यात घेतलं तेव्हा इथे लाकडी मेढेकोट होता, दगडविटांचा किल्ला नंतरचा. आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाने तिकीट काढून आत जावं असं त्यात फारसं नाही. बाहेरून फेरी मारा. एक गंमत मात्र मराठी माणसाने जाणून घ्यावी. असईला १८०३ मध्ये शिंद्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली त्याआधी, १७९७ मध्ये, पिनांगला येऊन गेला होता. आणि समोर पाण्यापलीकडे दिसणाऱ्या मुख्य भूमीच्या पट्ट्याला इंग्रजांनी नाव दिलं ते त्याच्या गव्हर्नर-जनरल भावावरून: प्रॉव्हिन्स वेलस्ली. वसईच्या तहातला वेलस्ली तो हा भाऊच.

किल्ल्याच्या कोपऱ्यावरचा घड्याळाचा मनोरा राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून बांधला, म्हणून साठ फूट उंच. तिथून लेबुह पांताईच्या बँकांच्या जुन्या इमारती बघत खाली चालत यायचं.

साडेआठ: पहिलं खाणं

इथे दोन वाटा आहेत आणि एकच निवडायची, कारण पुढे पोटात जागा हवी.

पहिली वाट रोटी चानाईची. जालान ट्रान्सफरवर सकाळी रस्त्याकडेला टेबलं मांडून तमिळ मुस्लिम लोकांचे ठेले चालतात. केरळी परोट्याच्या घरातली ही पापुद्र्यांची रोटी, वर कालवण ओतून देतात. शाकाहारी असाल तर डाळ मागताना सावध राहा. ‘डालचा’ म्हणून जे मिळतं त्यात मटणाची हाडं शिजवलेली असू शकतात. साधी डाळ आहे का, हे विचारूनच घ्या.

दुसरी वाट कोपीटियामची, म्हणजे चिनी कॉफीच्या दुकानाची. भाजलेला पाव, त्यावर लोणी आणि काया, म्हणजे नारळाचं दूध, अंडी नि साखर आटवून केलेला मुरंबा. सोबत अर्धवट उकडलेली दोन अंडी, सोया सॉस आणि मिरपूड घालून.

कोपीटियामची रीत एकदा समजली की दिवसभर उपयोगी पडते. दुकान एकाचं, पण आतबाहेरचे खाण्याचे ठेले वेगवेगळ्या लोकांचे. आधी टेबल धरायचं. एकटे असाल तर रुमाल, छत्री, पाण्याची बाटली काहीही टेबलावर ठेवा, पाकीट-मोबाइल नको. टेबलाचा नंबर बघून ठेवायचा, ठेल्यावर जाऊन पदार्थ आणि नंबर सांगायचा, परत येऊन बसायचं. बशी टेबलावर आली की तिथेच पैसे द्यायचे. पेय विचारायला दुकानाचा माणूस येईल. त्याच्याकडून काहीतरी घ्यायचंच, कारण टेबल त्याचं असतं. गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलावर अनोळखी माणसं येऊन बसतील. त्यात वावगं काही नाही, तुम्हीही बसू शकता. किंबहुना एकट्या माणसाला काय खावं याचा सल्ला मिळण्याची हीच जागा.

कॉफीचे चार शब्द पाठ करा. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्कची, ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची साखर घातलेली, ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणजे दूध-साखर काहीच नाही. ‘कुरांग मानिस’ म्हटलं की गोड कमी. हे शेवटचे दोन शब्द न सांगता चहा मागवलात तर पाक पिताय असं वाटेल.

साडेनऊ ते बारा: पायी

आता जालान मस्जिद कापितान केलिंग. जुनं नाव पिट स्ट्रीट. एका रस्त्यावर, काहीशे मीटरांत, १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, १८०० च्या आसपासचं क्वान यिन देवीचं चिनी मंदिर आणि तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये सुरू केलेली कापितान केलिंग मशीद. मागच्या लेबुह क्वीनवर १८३३ चं मारिअम्मनचं देऊळ. चर्चकडून सुरुवात करून मशिदीकडे उतरा. चिनी मंदिरात ऊदबत्त्यांचा धूर डोळ्यांना झोंबेल इतका असतो, दोन मिनिटं अंगणातच थांबा आणि मग आत जा. मशिदीत नमाजाची वेळ सोडून पाहुण्यांना जाता येतं, अंगभर झगा तिथेच मिळतो. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका.

मशिदीच्या पुढे डावीकडे वळलं की लेबुह आर्मेनियन, आणि सेल्फीची रांग. लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच याने २०१२ मध्ये काढलेली सायकलवरच्या दोन मुलांची भित्तिचित्रातली जोडी इथे आहे. भिंतीवर मुलं रंगवलेली, सायकल खरी. चित्र गोड आहे, पण त्यासाठी वीस मिनिटं रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर लोखंडी सळया वाकवून केलेली व्यंगचित्रं शोधा. त्या गल्लीत पूर्वी कोण राहायचं, कोणता धंदा चालायचा, ते त्यांत मिश्कीलपणे सांगितलेलं असतं. याच रस्त्यावर १२० नंबरचं साधं दिसणारं घर म्हणजे चिनी क्रांतिकारक सन यात-सेन यांचा १९१० मधला तळ. पुढच्या वर्षीच्या चीनमधल्या कँटनच्या उठावाची जुळवाजुळव पिनांगहून झाली होती.

तिकीट काढून एकच गोष्ट बघायची असेल तर खू कोंगसी बघा. खू आडनावाच्या कुळाचं हे सभागृह आणि पूर्वजांचं मंदिर. सकाळी नऊला उघडतं, पाचला बंद होतं. आधीची इमारत १९०१ मध्ये जळाली. ती सम्राटाच्या राजवाड्यासारखी भव्य बांधली म्हणून देव कोपले, अशी दंतकथा आहे. १९०६ ची आताची इमारत म्हणे त्याहून आटोपशीर केली. छताच्या कडेवरचं कोरीवकाम बघितलं की ‘आटोपशीर’वर विश्वास बसत नाही. तळमजल्यावरचं छोटं संग्रहालय चुकवू नका. फुजियानमधून आलेल्या एका कुळाने परक्या मुलखात लग्नं, शिक्षण, भांडणं, मयत हे सगळं कसं सांभाळलं ते तिथे कळतं.

चालताना दुकानांच्या पुढच्या झाकलेल्या ओसऱ्या वापरा. त्यांना काकी लिमा म्हणतात, पाच फुटी वाट. ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी केलेली सोय. मधे कुणाची मोटारसायकल, कुणाचा देव्हारा, कुणाची भाजी निवडायची खुर्ची येते, तेव्हा खाली रस्त्यावर उतरायचं आणि परत चढायचं.

बारा: लिटल इंडिया, आणि शाकाहाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

लेबुह पासार, लेबुह क्वीन आणि लेबुह पिनांगचा चौकोन म्हणजे लिटल इंडिया. पुरता तमिळ. केळीच्या पानावर भात, रसम, दोन-तीन भाज्या, पापड. मांसाहार करणारा इतक्या दूर येऊन सांबार-भात का खाईल, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याने इथे फक्त चहा घेऊन पुढे जावं. शाकाहाऱ्याने मात्र दिवसातलं भरपेट जेवण इथेच उरकावं, कारण संध्याकाळी त्याची खरी परीक्षा आहे.

अडचण मांस ओळखण्याची नसते, न दिसणाऱ्या गोष्टींची असते. बेलाचान ही कोळंबीच्या जातीचा बारीक जवळा आंबवून केलेली वडी सांबाल या मिरचीच्या चटणीत असते, आणि कांगकुंगसारखी हिरवी पालेभाजीसुद्धा बऱ्याचदा तीच घालून परततात. नूडल्स डुकराच्या चरबीत परतलेल्या असू शकतात. रोजाक या फळांच्या कोशिंबिरीवरचा काळा दाट सॉस कोळंबीचा असतो. ‘व्हेजिटेबल’ म्हटलं की समोरचा भाज्या घालेल, बाकीचं काढेलच असं नाही. म्हणून मलयमध्ये पूर्ण यादी सांगा: ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग.’ मांस, कोंबडी, मासे, कोळंबी मी खात नाही. अंडंही नको असेल तर पुढे ‘तेलुर’ जोडा. चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं शहरात बरीच आहेत. चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक मांस खात नाहीत, त्या दिवशी तिथे गर्दी आणि निवड दोन्ही जास्त. तिथे नकली बदक, नकली मासा असं काय काय मिळतं. दिसायला इतकं हुबेहूब की आपल्याकडच्या कट्टर शाकाहाऱ्याला घास घेणं जड जाईल.

एक ते चार: सावली

या वेळेत रस्त्यावर फिरू नका. पहिला पर्याय, खोलीवर जाऊन पडा. दुसरा, हवेली बघा.

हवेल्या दोन, बघायची एक. लेबुह गेरेजावरची हिरवी पेरानाकान हवेली ही चुंग केंग क्वी या कथील-खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी पुढाऱ्याची. स्थानिक चालीरीती स्वीकारलेल्या चिनी बाबा-न्योन्या घराण्यांचे दागिने, मण्यांच्या चपला, भांडी, पलंग यांनी खच्चून भरलेली. लेबुह लीथवरचं निळं घर चेओंग फात झे या व्यापाऱ्याचं. नीळ घातलेल्या चुन्याचा तो रंग दमट हवेत टिकतो. तिथे आता हॉटेलही चालतं, त्यामुळे इतरांना ठरावीक वेळांनाच आत घेतात. वस्तू बघायला आवडत असतील तर हिरवी, वास्तू बघायला आवडत असेल तर निळी.

बाहेर पडलात की चेंडोल. जालान पिनांगला लागून असलेल्या लेबुह केंग क्वीच्या चिंचोळ्या गल्लीत १९३६ पासून चालणारा प्रसिद्ध ठेला आहे. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, लाल राजमा आणि पानदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया. उभ्याउभ्या वाडगा हातात धरून खायचा. शाकाहाऱ्यांनाही चालतो.

अडीच-तीननंतर वीजगडगडाटासह पाऊस कोसळणं इथे नेहमीचं आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर जवळजवळ रोजचं. काकी लिमाखाली उभं राहा, बहुतेक वेळा तासाभरात उघडतं.

पिनांग हिलचं काय? ८३३ मीटर उंच टेकडी, १९२३ मध्ये सुरू झालेली दोरावर चालणारी रेल्वे, वर चार-पाच अंशांनी गार हवा, आणि वाटेत आयेर इतामला केक लोक सीचं अवाढव्य बौद्ध मंदिर. कोमतार या उंच इमारतीजवळच्या बसथांब्यावरून २०४ नंबरची बस पायथ्याशी जाते. पण हे सगळं धरलं तर अर्धा दिवस जातो. एकच दिवस असेल तर सोडून द्या. सोडवत नसेल तर हवेली, विश्रांती नि पुढची जेट्टी तिन्ही गाळून साडेबाराला निघा, आणि शनिवार-रविवारी रांगेची तयारी ठेवा.

साडेचार: आसाम लाक्सा आणि जेट्टी

कोकणातल्या माणसासाठी पिनांगमधला सगळ्यात जवळचा पदार्थ हाच. उकडून कुस्करलेला बांगडा, आंबट झणझणीत रस्सा, जाड पांढऱ्या तांदळाच्या नूडल्स. वर पुदिना, अननस, कांदा, काकडी आणि आल्याच्या जातीच्या बुंगा कांतान या फुलाचे गुलाबी तुकडे. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम गेलुगोरच्या वाळवलेल्या चकत्यांचा असतो. हे फळ कोकमाच्याच कुळातलं. चमच्यात काळा कोळंबीचा सॉस येतो, तो एकदम ढवळू नका. आधी नुसता रस्सा चाखा.

मग ‘वेल्ड की’ या किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या कुळांच्या जेट्ट्या. समुद्रात खांब रोवून, वर फळ्या टाकून वसवलेल्या वस्त्या, प्रत्येक आडनावाची वेगळी. च्यू जेट्टी सगळ्यात मोठी आणि दुकानांनी भरलेली. शेजारच्या शांत आहेत. लोक इथे खरोखर राहतात. उघड्या दारातून कॅमेरा आत घालू नका, ‘फोटो नको’ची पाटी दिसली तर माना.

सातनंतर: खरा कार्यक्रम

अंधार पडला की ठेल्यांचे रस्ते जागे होतात: लेबुह चुलिया, लेबुह किम्बर्ली, लोरोंग बारू. गर्नी ड्राइव्हही प्रसिद्ध आहे, पण तो जुन्या शहराबाहेर आहे आणि एकट्याने तिथे जाण्याइतका वेगळा नाही. आधी रिकाम्या हाताने पूर्ण रस्ता एकदा चालून या. ज्या ठेल्यापुढे स्थानिक माणसं पार्सलसाठी उभी आहेत तो हेरा, मग टेबल धरा.

पहिली बशी चार क्वे त्यावची. तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड, चिनी सॉसेज. चांगला ठेलेवाला मोठ्या आचेवर एका वेळी एक-दोन बशाच करतो, म्हणून वेळ लागतो. भराभर ढीग परतणारा दिसला तर पुढे चला. तिखट नको असेल तर ‘तक माऊ पेदास’. अर्ध्या तासाने दुसरी बशी: कालवांचं ऑम्लेट किंवा कोळंबीच्या डोक्यांच्या रश्श्यातलं हॉक्किएन मी. एकट्याने टाळायचे ते समुद्रान्नाचे मोठे रेस्तराँ, फिश-हेड करी आणि टेबलावर उकळणारं स्टीमबोट. ते सगळं चार माणसांच्या मापाचं आणि किमतीचं असतं.

दोन बशांनंतरही भूक उरली तर नासी कंदार. तमिळ मुस्लिम विक्रेते पूर्वी कावडीवर भात आणि कालवणं घेऊन फिरत, त्यावरून हे नाव. आता उपाहारगृहांत मिळतो, काही रात्री उशिरापर्यंत चालतात. भातावर चार-पाच कालवणं एकत्र ओतायला सांगायचं, त्याला ‘बांजिर’ म्हणतात, म्हणजे पूर. किंमत ताटात काय पडलं त्यावर ठरते. मोठी कोळंबी आणि माशाची गाबोळी महाग, बोट दाखवण्याआधी ‘बेरापा?’ विचारा.

रात्री परतताना लेबुह चुलियावर उशिरापर्यंत वर्दळ असते, मागच्या गल्ल्या मात्र दहानंतर ओस पडतात. एकट्या बाईने, आणि बुवानेही, मुख्य रस्ताच धरावा. मोटारसायकलवरून पर्स ओढून नेण्याचे प्रकार होतात, म्हणून पिशवी भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर.

घरी न्यायला ताउ सार पिआ, म्हणजे मुगाच्या सारणाची बिस्किटं, दुपारीच घेऊन ठेवा, रात्री दुकानं बंद असतात. काहींमध्ये डुकराची चरबी असते, घटक वाचून किंवा विचारून घ्या. विमानतळ बायान लेपासला, जुन्या शहरापासून सोळा-सतरा किलोमीटरवर. ४०१ नंबरची बस जाते, पण सकाळी कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची कोंडी त्याच रस्त्यावर असते. आठ-नऊच्या सुमारास निघणार असाल तर तासभर जादा धरा.